छातीत वाजणारा ड्रम

दादा,

तू गेल्यापासून मला ड्रमची भीती वाटायला लागली आहे. खुशाल हस. तुझ्या लेकीचा, मैत्रीचा, रिपोर्ट उद्या यायचा आहे, घरात बसवत नाही, कुणाशी बोलवत नाही, म्हणून तुला लिहायला घेतलंय. तुझ्याशी बोलताना मी निदान भांडत तरी असते. भांडताना मला भीती कमी वाटते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

शाळेत पंधरा ऑगस्टच्या परेडची तालीम सुरू झाली आहे. मोठा ड्रम नववीतल्या एका दणकट पोरीच्या गळ्यात दिलाय आणि ती तो जीव खाऊन बडवते. मी वरच्या मजल्यावर सातवीला नद्यांची खोरी शिकवत असते. खालून पहिला ठोका आला की माझा खडू थांबतो. ड्रम थांबला तरी आत काहीतरी वाजत राहतं आणि ते खालचं आहे की माझं, तेच कळत नाही. मग मी मुलांना नकाशा भरायला सांगते आणि टेबलाखाली हात नेऊन नाडी बघते. परवा मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "मॅडमले बरं नाही वाटून राहिलं वाटते." मी त्याच्यावर खेकसले. बिचारा खरं तेच बोलला होता.

कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. शेजारच्या गल्लीत डीजेची गाडी आली तर मी खिडक्या लावून मागच्या खोलीत जाऊन बसते. आणि गाणं तर मी ऐकलेलंच नाही. एकही नाही. जिच्यासाठी तू अर्धं आयुष्य 'हे ऐक, हे ऐक' करत मागे लागायचास, त्या बहिणीच्या घरात आता पंख्याचा तेवढा आवाज असतो.

त्या सकाळचं सांगते, कारण तुला ते कळायला मार्ग नाही. मे संपत आला होता. तू खिडकीबाहेरच्या कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होतास. कूलर भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, तेव्हा वहिनीला वाटलं, गाण्याच्या नादात याचं भान गेलं. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "पाणी वाया जाऊन राहिलं ना! लक्ष कुठं आहे तुमचं?" तिचं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते. अजून ती त्यावरून स्वतःला खाते. मी दोन गल्ल्या ओलांडून धावत आले तेव्हा तू ओल्या फरशीवर पडला होतास, आणि तुझ्या कानातले इअरफोन अजून वाजत होते. ते मीच काढले. आपल्या लाडक्या इंग्रजी बँडचं, म्हाताऱ्यांचं, ते लांबलचक गाणं होतं, ज्यात मधे सगळे थांबतात आणि ड्रमवाला एकटाच वाजवत राहतो. तू निपचित आणि तो तुझ्या कानात आपला बडवतोय. मला ते कसं बंद करायचं तेच सुचेना. तुझ्या फोनला तुझं बोट लागतं. मी तुझं बोट उचलून फोनवर टेकवलं, दादा. ते अजून गरम होतं.

पोस्टमॉर्टेमनंतर डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेतलं. तुझ्या हृदयाची भिंत जाड झालेली होती म्हणाले. काही घराण्यांत असतं हे, पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं, बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. मग त्यांनी विचारलं, याआधी घरात कोणी असं अचानक गेलं आहे का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला बाबा दिसले. जयंतीच्या कार्यक्रमासाठी लिंबाच्या झाडाला भोंगा बांधून ते खाली उतरले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेलेसुद्धा. तेव्हा अख्खी वस्ती म्हणाली, भाग्यवान माणूस, हाल झाले नाहीत. आपणही इतकी वर्षं तेच म्हणत आलो.

डॉक्टरांनी दोघींना तपासणी सांगितली, तुझ्या सख्ख्या बहिणीला आणि तुझ्या मुलीला. इको म्हणतात त्याला, हृदयाची सोनोग्राफीच. "एखाद्याला असतं, एखाद्याला नसतं. बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वेळेत कळलं तर औषधं आहेत, काळजी घेता येते. आणि नाही कळलं तर..." एवढं बोलून त्यांनी वहिनीकडे बघितलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. त्या दिवसापासून माझ्या छातीत कोणीतरी बसलंय असं मला वाटतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलत होते. मिहानमधल्या विमान-दुरुस्तीच्या कामावरचे तुझे सोबती म्हणाले, विमानाच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून हा माणूस बिघाड सांगायचा. भंतेजी अनित्यतेबद्दल बोलले. मी हात जोडून बसले होते आणि मनात एकच चाललेलं, आता माझा नंबर आहे की मैत्रीचा? त्यांच्या बोलण्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

थोडं आपल्या घराबद्दल बोलू दे. या भीतीतून जरा बाहेर यायला माझ्याकडे तेवढीच जागा आहे.

बाबांचा माइकचा धंदा. पुढच्या खोलीत भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि तो जड टेपडेक, मागच्या खोलीत आपण चौघं. लग्न असो, नामकरण असो, जयंती असो, आपल्या इंदोऱ्याच्या वस्तीत ज्याला कोणाला आवाज मोठा करायचा असेल त्याला आपल्या दारात यावं लागायचं. त्या घरात तू सीताबर्डीवरून इंग्रजी कॅसेट घेऊन आलास, तीसुद्धा कव्हरवरचे केस बघून. बाबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "हे कोण होय गा?" "गाणारे होय, बाबा." "मंग केस काहून नाही कापत?" तू कॅसेट दप्तरात टाकलीस. पण आठवड्याभरानं बाबा बाहेर गेले असताना तू भोंगा गच्चीवर चढवलास आणि 'टेस्टिंग' म्हणून ती कॅसेट लावलीस. गिटार अशी काही किंचाळली की समोरची शेवंताबाई पदर खोचून रस्त्यात आली. "काहून गा, कोणाले कापून राहिले काय घरात?" तेवढ्यात बाबांची सायकल आली. आता आपल्या पाठीचं काही खरं नाही, असं समजून मी पाण्याच्या टाकीमागे लपले. बाबा मात्र मान वाकडी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज फाटून राहिला. बास कमी कर." रॉक संगीतावर त्यांनी केलेली टीका एवढीच.

त्या लोकांची खरी नावं आपण कधी घेतलीच नाहीत. मराठी शाळेतले आपण, ती नावं कव्हरवरून वाचता यायची पण जिभेवर बसायची नाहीत. म्हणून ते आपले म्हातारे, तो खोकल्यासारखं गाणारा खोकल्या, आणि तो ज्याचं प्रत्येक गाणं रडवेलं, तो रडका. म्हातारे तेव्हा काही म्हातारे नव्हते, पण तू म्हणायचास, चेहरे बघ ना वं, जन्मतःच म्हातारे आहेत. पुढे आयटीआयमध्ये कोणीतरी कॉन्व्हेंटमधला पोरगा झोकात ती नावं घ्यायचा, तेव्हा तू गप्प बसून ऐकायचास आणि संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचास, "तो आपल्या खोकल्याबद्दलच बोलून राहिला होता वं. मले बसमध्ये समजलं."

आणि आपला तो नियम! नवीन काही हाती आलं की पहिल्यांदा ते दोघांनी मिळूनच ऐकायचं. तू गाडी घेतलीस तेव्हापासून ते गाडीत. अंबाझरीच्या रस्त्याला झाड बघून गाडी लावायची, काचा वर, इंजिन बंद, एसी बंद, कारण पंख्याच्या घरघरीत म्हणे मागची गिटार मरते. नागपूरचा मे महिना आणि बंद गाडी. शेवटचं गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही, मधलं गाणं सोडायचं नाही, कपाळावरचा घाम पुसला तरी तुझ्या भुवया वर जायच्या. एकदा हवालदारानं काचेवर काठी वाजवली. आत दोन थोराड माणसं डोळे मिटून घामानं निथळत बसलेली. "काय चालू आहे इथं?" "गाणं ऐकून राहिलो, साहेब." "मंग काच खोला ना!" "आवाज बाहेर जाते ना, साहेब." त्यानं आपल्या दोघांकडे असं बघितलं, जणू त्याला कीव आली असावी. मग तर्री पोहे खाताना, नाकातून पाणी वाहत असताना, तुझा निकाल जाहीर व्हायचा. खोकल्या संपला. रडका यंदा बरा रडला. म्हातारे ते म्हातारेच.

हे लिहिता लिहिता मी हसले, आणि लगेच घाबरले. त्या उकाड्यात, त्या बंद गाडीत तुझ्या छातीचं काय होत असेल? डॉक्टर म्हणतात, त्याचा याचा संबंध नाही. मला पटतं, आणि तरी झोपताना ती गाडी डोळ्यांपुढे येते. तू गेलास तो गेलासच, मागच्या चांगल्या दिवसांतही भीती सोडून गेलास. याचा मला राग येतो. तुझ्यावर राग काढायचा नाही असं सगळे सांगतात. मी काढणार.

आपलं एक भांडण राहिलंय. ते मी मागे घेत नाही, आधीच सांगून ठेवते.

बाबांच्या टेपडेकच्या मोटरला मागं एक बारीक भोक होतं आणि आत स्क्रू. वरातीला जोर यावा म्हणून बाबांनी कधीतरी तो जरासा फिरवला होता आणि विसरून गेले होते. त्यामुळे त्या डेकवर जे लागायचं ते थोडं पळतच लागायचं. आपल्याला काय माहीत? आपण म्हाताऱ्यांना, खोकल्याला, सगळ्यांना त्याच वेगानं ओळखत होतो. मग तू कोणाच्या तरी खोलीवर सीडी ऐकून आलास आणि उंबऱ्यातच बसलास. चेहरा उतरलेला. "छोटी, ते लोकं आजारी आहेत का वं? हळू गाऊन राहिले." मला वाटलं, त्या पोराची सीडी खराब असेल. दोन दिवसांनी तू डेक उघडलास आणि स्क्रू सापडला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "लोकं नाचले पाहिजे ना."

तिथून आपलं वाजलं ते कायमचं. तुझं म्हणणं, आपण जे ऐकलं तेच खरं. माझं म्हणणं, ज्यांनी गाणं केलं त्यांना विचार, त्यांनी ते हळूच केलंय, आणि हळू आहे म्हणूनच त्यात मधल्या जागा ऐकू येतात. तू म्हणायचास, जागा काय ऐकायच्या, गाणं ऐक. मी म्हणायचे, तुला गाणं नको, वरात पाहिजे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटायचं, आपल्यात खरंच काहीतरी बिनसलंय.

मग म्हातारे पुण्याला आले. खरेखुरे, जिवंत, आणि आता खरेच म्हातारे. आपण बसनं गेलो. मैदानात शिरल्याबरोबर सगळे पुढे पळाले आणि तू मला उलट्या दिशेनं ओढलंस, जिथं साउंडवाला आपलं मिक्सर मांडून बसला होता तिथं. बाबांनीच शिकवलं होतं ना आपल्याला, कुठल्याही कार्यक्रमात ऑपरेटरच्या मागं उभं राहायचं, खरा आवाज तिथंच. तू खिशातून मेडिकलचा कापूस काढलास, बोळे करून माझ्या कानात घातलेस, मी चाळिशीला आलेली बाई आणि तू भर गर्दीत माझे कान धरून उभा. पहिला ठोका पडला. तो आधी पायात आला, मग पोटात, मग छातीत. तू ओरडून काहीतरी विचारत होतास, मला एक शब्द ऐकू येत नव्हता, मी नुसती मान हलवत होते. इतकं सुख मला फार कमी वेळा झालंय. आत आपलं स्वतःचं काही वाजतंय हेच माणूस विसरून जातं.

म्हाताऱ्यांनी ते लांब गाणं लावलं. वय झालेलं, त्यामुळे सीडीपेक्षाही हळू. तू दोन्ही हात तोंडापाशी नेऊन बोंबललास, "पळा बे, पळा!" साउंडवाल्यानं वळून बघितलं. आणि मग ड्रमवाला एकटा उरला, पांढऱ्या केसांचा, मान खाली घालून वाजवणारा, आणि मी बाजूला पाहिलं तर तुझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. "घाम आहे वं," तू म्हणालास. परतीच्या बसमध्ये मात्र आपण पुन्हा सुरू केलं, हळू की पळतं, ते अमरावती येईपर्यंत. पुढच्या सीटवरचे काका शेवटी वळले. "भाऊ, गाण्यावरून भांडून राहिले का तुम्ही? मले वाटलं, वावराच्या वाटणीवरून."

तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मैत्रिणींना त्यांच्या भावांनी साड्या दिल्या, भाऊबीज दिली. तू मला ऐकायला शिकवलंस. शाळेत, घरात, लग्न मोडलं त्या वर्षी, जेव्हा जेव्हा मला कुठं जागा उरली नाही, तेव्हा मी कानात काहीतरी घालून बसले आणि निभावून नेलं. आता सगळ्यात मोठी वेळ आली आणि नेमकं तेच मला करता येत नाही. मला वाटतं, मला हे संगीत आवडायचं ते तुझ्यामुळे. तू नाहीस तर तो नुसता गोंगाट आहे, आणि त्या गोंगाटात एक ठोका असा येईल की त्याच्या पुढचा येणार नाही.

मैत्रीचं सांगते.

तुझी पोर रडली ती पहिल्या दिवशी. नंतर तिनं तोंडच मिटलं. कॉलेजला जाते, जेवते, वहिनीजवळ झोपते. वर्धा रोडच्या लॉनमध्ये तुझ्या कामावरच्या पोरांचा बँड वाजवतो ना, जिथं तू तिला न्यायचास, तिथली पोरं दोनदा बोलवायला आली. ती बाहेरसुद्धा आली नाही. इकोचं नाव काढलं की उठून आत जायची. वहिनीनं हात टेकले आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही करून घ्या आधी. तुमचं पाहून पोरगी करीन."

मी गेले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नंबर लावला, खुर्चीवर बसले. आतल्या खोलीचं दार उघडझाप होत होतं आणि प्रत्येक वेळी आतून तो आवाज बाहेर यायचा. मशीनला स्पीकर असतो, दादा, मला ठाऊक नव्हतं. कोणाचं तरी हृदय मोठ्यानं वाजत होतं. घुप्‌ घुप्‌, आणि मागं वाऱ्यासारखी सळसळ. माझं नाव पुकारलं. मी उठले, पर्स घेतली आणि सरळ जिन्यानं खाली उतरून ऑटोत बसले.

तुझ्या घरी येऊन वहिनीला सांगितलं, मशीन बंद होती. मैत्री दारात उभी राहून ऐकत होती. तुझ्यासारखी एक भुवई वर गेली तिची. "आत्या, मशीन बंद होती का तू?"

मी वळून पर्स खुंटीला अडकवायला लागले.

"मले माहीत आहे, तुले भेव वाटते. मले पण वाटते. आपण दोघी नाही करू. तू नाही, तं मी पण नाही. कटकट संपली." असं म्हणून ती जिना चढून वर गेली, नेहमीसारख्या दोन-दोन पायऱ्या गाळत. मी खाली उभी राहून तिचा प्रत्येक पाय ऐकत होते. ती वर पोचेपर्यंत मला श्वास घेता आला नाही. वरून पलंग करकरला तेव्हा मी खाली बसले.

त्या क्षणी मला कळलं की मी काय करून ठेवलंय. माझ्या भित्रेपणाआड तुझी लेक लपून बसली होती. मी जितके दिवस टाळीन तितके दिवस ती टाळणार, आणि दोघी एकमेकींकडे बघून धीर धरल्याचं नाटक करणार. मरणाची भीती मला होतीच, पण माझ्यामुळे पोरीचं काही होईल ही भीती त्याहून मोठी निघाली.

सोमवारी मी पुन्हा गेले. तुझा राग राग करत गेले. खोलीत अंधार होता. इको काढणारी मुलगी नरखेडकडची, बोलायला मोकळी. डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार चिकट काहीतरी लावलं. मी म्हटलं, "आवाज बंद ठेवता येतो का?" ती म्हणाली, "ठेवते ना मॅडम. काही लोकांले भेव वाटते त्याचं." तिनं एक बटण दाबलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "तुमचं हृदय चांगलं आहे. काही नाही."

मला आनंद झाला, दादा. लपवण्यात अर्थ नाही, मी दवाखान्याच्या बाहेर येऊन संत्र्याचा रस प्यायले. ग्लास संपता संपता हिशोब लागला. बाबांचं दुखणं तुझ्याकडे आलं, माझ्याकडे आलं नाही. नाक, आवाज, हट्टीपणा, कान, सगळं आपण वाटून घेतलं होतं, आणि हे तेवढं तुझ्या एकट्याच्या वाट्याला. मी वाचले याची लाज वाटावी असं काही नाही, सगळे तसं सांगतात. पण तुझ्याकडून ते पुढं गेलं असेल तर आता जाणार कुठं, हे तर मला दिसत होतं.

मी केलं म्हणून मैत्रीनंही शब्द पाळला. आज दुपारी आम्ही तिघी गेलो. वहिनी बाहेरच बसली, तिच्यानं आत येववेना. मैत्री म्हणाली, "आत्या, तू चल." त्याच खोलीत, त्याच पलंगावर ती कुशीवर झोपली, गुडघे पोटाशी घेऊन, अंगानं केवढीशी दिसली. नरखेडच्या त्या मुलीनं मला ओळखलं आणि न सांगता आवाजाचं बटण बंद केलं. भली आहे ती. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होते, काही कळतं का म्हणून. त्या लोकांची तोंडं तयार झालेली असतात, काही कळत नाही. तिनं एका जागी थांबून माप घेतलं. पुन्हा तिथंच घेतलं. मी दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, बाहेर जिना दिसत होता.

"याले आवाज नसते काय?" मैत्रीनं विचारलं.

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मैत्रीनं मागं हात करून चाचपडत माझी बोटं धरली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"असतो," मी म्हटलं. "चालू करा, ताई."

आधी तिचा ठोका बारीक आला, खूप लांबून आल्यासारखा. माझे पाय आपोआप दाराकडे वळत होते. मैत्रीनं मान जरा वर केली, ऐकायला. तिला नीट ऐकू येत नव्हतं.

"मॅडम, बंद करू का?" त्या मुलीनं मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वाढवा. अजून वाढवा."